थ्री फेजची मोटर, सिंगल फेजचं कनेक्शन : एकच कंटेनर इमेज सगळीकडे का चालत नाही?

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर आलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका, हे आकडे सांगलीत घरोघरी तोंडपाठ असतात. समजा, नदीकाठच्या एका कॉलनीने स्वतःपुरती पातळी मोजायची सोय केली. काठावर सेन्सर, त्याला जोडलेला रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक आणि त्यात चालणारा छोटा प्रोग्राम. पाणी ठरलेल्या रेषेवर गेलं की सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश जायचा. प्रोग्राम लिहिला विश्रामबागेतल्या एका खोलीत, साध्या इंटेलच्या पीसीवर. तिथे तो नीट चालला. कंटेनर इमेज बांधली, पायवर उतरवली, सुरू केली आणि पडद्यावर एकच ओळ आली : ‘एक्झेक फॉरमॅट एरर’.

कोडमध्ये चूक नाही, पाय नादुरुस्त नाही, नेट चालू आहे. तरीही प्रोग्राम हलत नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपासून मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरपर्यंत ही ओळ सगळ्यांनाच कधी ना कधी भेटते. तिच्यामागचं कारण सोपं आहे. त्यावरचा इलाज मात्र नीट केला नाही तर आज चाललेली इमेज पुढच्या महिन्यात दगा देते.

## आधी गाठोडं उघडून पाहू

कंटेनर इमेज म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एकत्र बांधलेलं गाठोडं. डॉकर या साधनाने २०१३ मध्ये ही पद्धत लोकांपर्यंत नेली. २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झालं आणि गाठोडं कसं बांधायचं याचे नियम सगळ्यांसाठी एक झाले. त्यामुळे डॉकरने बांधलेली इमेज पॉडमॅन या दुसऱ्या साधनालाही उघडता येते.

गाठोड्यात तीन गोष्टी असतात. पहिली, थर : फाइल्सचे दाबून बांधलेले गठ्ठे, एकावर एक रचलेले. दुसरी, कॉन्फिग : सुरू झाल्यावर कोणती आज्ञा चालवायची आणि ही इमेज कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, कोणत्या प्रोसेसरसाठी आहे, याची नोंद. तिसरी, मॅनिफेस्ट : थर आणि कॉन्फिग कोणते, त्यांचा आकार किती, त्यांचा ठसा काय, याची यादी.

हा ठसा म्हणजे डायजेस्ट. फाइलमधल्या सगळ्या बाइट्सवर एसएचए-२५६ हे गणित चालवून ६४ अक्षरांचा एक क्रमांक काढतात. एक बाइट बदलला तरी क्रमांक पूर्ण बदलतो. डायजेस्ट हा शब्द लक्षात ठेवा, पुढे बराच लागणार आहे.

गाठोड्यात लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल नसतो. तो ज्या यंत्रावर इमेज चालते त्या यंत्राचा वापरला जातो. प्रोसेसर तर अर्थातच गाठोड्यात मावत नाही. ‘कंटेनर कुठेही चालतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धं आहे. पूर्ण वाक्य असं : त्याच जातीच्या प्रोसेसरवर, सुसंगत कर्नल असेल तिथे तो चालतो.

## प्रोसेसरची जात आणि मोटरचा फेज

विहिरीवर बसवायची पाच एचपीची मोटर घ्यायला गेलात तर दुकानदार पहिल्यांदा विचारतो, कनेक्शन सिंगल फेज की थ्री फेज? बाहेरून मोटरी सारख्याच दिसतात, पाणीही तेवढंच उपसतात. आतलं वाइंडिंग मात्र वेगळं. थ्री फेजची मोटर नेऊन थेट सिंगल फेजला जोडली तर ती नुसती गुरगुरते, फिरत नाही.

प्रोसेसरचं तसंच आहे. तुम्ही लिहिलेला सी किंवा गो भाषेतला कोड कंपाइल झाला की त्याच्या यंत्राज्ञा बनतात, आणि त्या एका जातीच्या प्रोसेसरलाच कळतात. इंटेलच्या आज्ञा पायसमोर आल्या की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते ती यामुळेच. या जातीला आर्किटेक्चर म्हणतात. आपल्याला दोनच महत्त्वाच्या आहेत. इंटेल आणि एएमडी यांच्या ६४-बिट प्रोसेसरची जात म्हणजे एएमडी६४. नावात एएमडी आहे कारण ही ६४-बिटची रचना त्यांनी आणली, पण इंटेलवरही तीच चालते. दुसरी एआरएम६४, जी मोबाइलमध्ये, रास्पबेरी पायमध्ये आणि ॲपलच्या नव्या लॅपटॉपमध्ये असते.

इथे नावांचा एक त्रास आहे. एएमडी६४ लाच काही ठिकाणी एक्स८६-६४ म्हणतात, एआरएम६४ ला आर्च६४. डॉकर पहिली नावं वापरतो, लिनक्सची ‘यूनेम’ आज्ञा दुसरी. डॉकरफाइल म्हणजे इमेज बांधायची कृती. तिच्यात एखादं साधन नेटवरून उतरवताना पत्त्यात यातलं एक नाव थेट लिहिलेलं असतं, आणि एआरएमच्या इमेजमध्ये इंटेलची फाइल गुपचूप जाऊन बसते. बांधणी यशस्वी दिसते. फाइल चालवायची वेळ येते तेव्हाच भांडं फुटतं.

पूर्वी हा प्रश्न फारसा यायचा नाही, कारण लॅबमधले पीसी, सर्व्हर, लॅपटॉप सगळेच एएमडी६४ होते. ॲमेझॉनने २०१८ मध्ये ग्रॅव्हिटॉन हे एआरएमचे सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचे एम१ लॅपटॉप आले. आता एकाच टीममध्ये एकाचा लॅपटॉप एआरएमचा, दुसऱ्याचा इंटेलचा, सर्व्हर तिसऱ्याच ठिकाणी आणि नदीकाठी पाय, ही रोजची गोष्ट झाली आहे.

## एका नावाखाली दोन इमेज

मल्टि-आर्किटेक्चर इमेज या नावावरून वाटतं की दोन्हीकडे चालणारी कुठली तरी जादूची फाइल असेल. तशी ती नसते. एएमडी६४ साठी एक पूर्ण इमेज आणि एआरएम६४ साठी दुसरी पूर्ण इमेज, अशा दोन वेगळ्या इमेज बांधायच्या. मग त्या दोघींवर एक छोटी यादी ठेवायची : अमुक आर्किटेक्चर हवं असेल तर या डायजेस्टची इमेज घ्या, तमुक हवं असेल तर त्या. या यादीला इंडेक्स म्हणतात. नाव त्या यादीला दिलेलं असतं.

तुम्ही नाव सांगून इमेज मागवलीत की रजिस्ट्री, म्हणजे इमेजचं गोदाम, आधी ही यादी पाठवते. तुमच्या यंत्रावरचं डॉकर स्वतःची जात पाहून यादीतली योग्य ओळ निवडतं आणि तेवढेच थर उतरवतं. तुम्ही फक्त ‘पाच एचपी’ म्हणालात आणि दुकानदाराने तुमचं कनेक्शन ओळखून बरोबर मोटर काढून दिली, असं हे काम आहे. डॉकरच्या अधिकृत इमेज सप्टेंबर २०१७ पासून अशा यादीसह मिळतात. म्हणूनच पायथन किंवा डेबियन लिनक्सची बेस इमेज, म्हणजे आपली इमेज जिच्यावर रचायची ती तयार इमेज, पायवर बिनतक्रार उतरते.

डाउनलोड दुप्पट होतं का, ही शंका रास्त आहे. होत नाही. यादी काही किलोबाइटची असते आणि थर एकाच जातीचे उतरतात. गोदामातली जागा मात्र जवळपास दुप्पट लागते.

एखाद्या इमेजच्या यादीत काय आहे हे इमेज न उतरवताही पाहता येतं. डॉकरच्या बिल्डएक्स या साधनातली ‘इमेजटूल्स इन्स्पेक्ट’ ही आज्ञा नाव देऊन चालवा. प्रत्येक आर्किटेक्चर आणि त्याचा डायजेस्ट दिसतो. मधेच ‘अननोन/अननोन’ अशा ओळी दिसल्या तर घाबरू नका. बिल्डएक्सच्या ०.१० आवृत्तीपासून इमेज कशी बांधली याचा दाखला आपोआप जोडला जातो, त्या ओळी त्या दाखल्याच्या आहेत.

## बांधायच्या तीन वाटा

इंटेलच्या यंत्रावर बसून एआरएमची इमेज कशी बांधायची? पहिली वाट फेज कन्व्हर्टरची. थ्री फेजची मोटर कमी फेजवर चालवायला कन्व्हर्टर लावतात, मोटर फिरते, पण तापते आणि पाणी कमी देते. इथे कन्व्हर्टरचं काम क्यूएमयू हा प्रोग्राम करतो. तो एआरएमची प्रत्येक आज्ञा वाचून इंटेलच्या आज्ञांमध्ये बदलत जातो. परक्या जातीची फाइल आली की क्यूएमयूकडे द्यायची, अशी नोंद लिनक्सच्या कर्नलमध्ये करता येते. त्या सोयीचं नाव बिनएफएमटी-मिस्क. ही नोंद एकदा झाली की डॉकरफाइलमध्ये एक अक्षरही न बदलता बांधणी होते.

होते, पण सावकाश. चार फाइल्स कॉपी करायच्या असतील तर फरक जाणवत नाही. सी++ किंवा रस्टचं मोठं कंपायलेशन असेल तर तेच काम कित्येक पट वेळ घेतं, आणि सीआय या आपोआप बांधणाऱ्या व्यवस्थेची ठरलेली वेळमर्यादा संपून बांधणी मधेच मरते. कधी क्यूएमयूखाली कंपायलर सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो आणि खऱ्या एआरएम यंत्रावर तोच कोड नीट बांधला जातो. अशा वेळी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवू नका. आधी खऱ्या यंत्रावर बांधून पाहा.

पायथनवाल्यांना यातली एक खास अडचण येते. पिप हा पायथनची पॅकेजेस आणणारा प्रोग्राम एखादं पॅकेज उतरवतो तेव्हा तुमच्या आर्किटेक्चरसाठी तयार बांधलेली फाइल, म्हणजे व्हील, आहे का ते पाहतो. एएमडी६४ साठी ती बहुतेकदा असते. एआरएम६४ साठी नसली की पिप मूळ कोड उतरवून तिथेच कंपाइल करू लागतो. त्याला जीसीसी हा कंपायलर लागतो, तो इमेजमध्ये नसतो आणि लांबलचक लाल मजकूर येतो. कोड तोच, रिक्वायरमेंट्सची फाइल तीच, तरी एकीकडे दोन मिनिटांत काम होतं आणि दुसरीकडे अडकतं, त्याचं कारण हे. अल्पाइन या छोट्या लिनक्सची बेस इमेज घेतली असेल तर अडचण वाढते, कारण तिथे सी लायब्ररी वेगळी असल्याने व्हीलही वेगळी लागते. लहान इमेजच्या मोहात अल्पाइन घेण्यापेक्षा डेबियनची ‘स्लिम’ इमेज पायथनसाठी बरी.

दुसरी वाट क्रॉस-कंपायलेशनची. सांगलीच्या कारखान्यात बसून जपानच्या व्होल्टेजची मोटर बनवता येते. बनवणारं यंत्र इथल्याच विजेवर पळतं, बनलेला माल तिथल्या विजेसाठी असतो. गो भाषेला हे काम सहज जमतं. डॉकरफाइल दोन टप्प्यांत लिहायची. पहिल्या टप्प्याच्या ‘फ्रॉम’ ओळीत प्लॅटफॉर्म म्हणून ‘बिल्डप्लॅटफॉर्म’ हे चल द्यायचं, म्हणजे कंपायलर बांधणाऱ्या यंत्राच्या जातीचा येतो आणि पूर्ण वेगाने पळतो. त्याच टप्प्यात ‘आर्ग’ लिहून ‘टार्गेटओएस’ आणि ‘टार्गेटआर्क’ ही चलं मागवायची आणि ती गोच्या ‘गूओएस’ व ‘गूआर्क’ यांना द्यायची. दुसऱ्या टप्प्यात प्लॅटफॉर्म काहीच लिहायचा नाही, फक्त तयार फाइल कॉपी करायची.

यात दोन चुका नेहमी होतात. ‘आर्ग’ची ओळ ‘फ्रॉम’च्या आधी लिहिली जाते आणि टप्प्याच्या आत चल रिकामं राहतं. गो मग यंत्राच्याच जातीची फाइल बनवतो आणि तुमच्या एआरएम इमेजमध्ये इंटेलची फाइल जाते. दुसरी चूक, दुसऱ्या टप्प्यातही ‘बिल्डप्लॅटफॉर्म’ चिकटवणं. परिणाम जवळपास तोच. दोन्ही वेळा बांधणी हिरवी, म्हणजे यशस्वी दिसते.

तिसरी वाट सगळ्यात सरळ : एआरएमची इमेज एआरएमच्या यंत्रावर, इंटेलची इंटेलवर. पूर्वी एआरएमचं यंत्र मिळणं हीच अडचण होती. गिटहबने जानेवारी २०२५ पासून सार्वजनिक प्रकल्पांना एआरएमची सीआय यंत्रं मोफत द्यायला सुरुवात केली, त्यामुळे कॉलेजच्या प्रोजेक्टलाही ही वाट परवडते. गो असेल तर दुसरी वाट धरा, बाकी सगळ्यांनी शक्य असेल तर तिसरीच. क्यूएमयू घरगुती प्रयोगाला आणि अगदी छोट्या इमेजला ठीक.

## दोन यंत्रांवर बांधलं, मग एका नावाखाली कसं आणायचं?

सीआय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन : कुणीही कोडमध्ये बदल चढवला की तो आपोआप बांधून तपासणारी व्यवस्था. त्यात दोन कामं समांतर लावली, एक एएमडी६४ वर आणि एक एआरएम६४ वर, आणि दोघांनीही इमेज ‘१.४’ या एकाच टॅगने चढवली तर काय होईल? टॅग म्हणजे इमेजच्या नावापुढची चिठ्ठी. बेदाण्याच्या बॉक्सवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखी ती काढून दुसऱ्या बॉक्सवर लावता येते. जे काम नंतर संपेल ते पहिल्याची चिठ्ठी उचलून आपल्या इमेजवर लावेल. इंडेक्स बनणारच नाही. एआरएमचं काम उशिरा संपलं त्या दिवशी पाय खूश, सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी उलट. कधी चालतं, कधी नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय यावर घ्यावा.

बरोबर पद्धत अशी. प्रत्येक कामाने इमेज टॅग न लावता, फक्त डायजेस्टने चढवायची. बिल्डएक्सच्या आउटपुटमध्ये त्यासाठी ‘पुश-बाय-डायजेस्ट’ हा पर्याय आहे. मिळालेला डायजेस्ट पुढच्या कामासाठी जपून ठेवायचा. मग त्या डायजेस्टची इमेज त्याच जातीच्या यंत्रावर उतरवून तिच्यावर चाचण्या चालवायच्या. दोन्हीकडच्या चाचण्या पास झाल्या की शेवटचं काम ‘इमेजटूल्स क्रिएट’ ही आज्ञा देऊन दोन डायजेस्टचा इंडेक्स बनवतं आणि टॅग त्याला लावतं. टॅग सगळ्यात शेवटी. आधी टॅग लावून मग तपासणी केली तर मधल्या दहा मिनिटांत ज्याने इमेज उतरवली त्याला न तपासलेला माल गेला.

सुरुवातीलाच ‘डॉकर ड्रायव्हरवर मल्टि-प्लॅटफॉर्म बांधणी होत नाही’ अशा अर्थाची चूक आली, तर डॉकरचा मूळ बिल्डर वापरला जातोय. ‘डॉकर-कंटेनर’ ड्रायव्हरचा नवा बिल्डर तयार करून तो निवडा, किंवा डॉकरमध्ये कंटेनर-डी चा इमेज साठा चालू करा. जुन्या साठ्यात दोन जातींची इमेज ठेवायची जागाच नव्हती, म्हणून ‘लोड’ केलं की नकार यायचा आणि ‘पुश’ चालायचं.

कॅशचंही, म्हणजे पुन्हा वापरायला जपलेल्या थरांचंही, ध्यान ठेवा. दोन समांतर कामांनी एकाच नावाने कॅश लिहिली तर तीही एकमेकांवर लिहिली जाते, आणि बांधणी कायम पहिल्यापासून सुरू होते. कॅशच्या नावात आर्किटेक्चर घाला. डॉकरफाइलमधल्या कॅश माउंटच्या ओळखीतही ‘टार्गेटआर्क’ घाला.

## भडंग तेच, चव का बदलली?

इमेज दोन्हीकडे चालली. आता अवघड भाग. सहा महिन्यांनी तोच कोड, तीच डॉकरफाइल घेऊन बांधलं तर तीच इमेज मिळेल का? बहुतेक वेळा नाही. पुन्हा बांधल्यावर बाइट-न्-बाइट तीच इमेज मिळणं याला रिप्रोड्युसिबल, म्हणजे पुनरुत्पादनक्षम बांधणी म्हणतात.

भडंगाच्या कृतीत ‘चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, मसाला’ एवढंच लिहिलं, तर करणाऱ्याने या वेळी दुसऱ्या भट्टीचे चुरमुरे आणले तरी कृती पाळलीच म्हणायची. डॉकरफाइलमध्ये बेस इमेज म्हणून ‘पायथन ३.१२ स्लिम’ लिहिलं की तसंच होतं. तो टॅग आहे आणि त्याखालची इमेज दुरुस्त्यांसाठी सारखी बदलत असते. उपाय : टॅगपुढे डायजेस्टही लिहा.

इथेच सगळ्यात फसवा खड्डा आहे. डायजेस्ट कोणाचा लिहायचा? इंडेक्सचा. कुणी तरी यादीतून एएमडी६४ च्या ओळीचा डायजेस्ट उचलून लिहितो, आणि मग एआरएमची बांधणीही इंटेलची बेस इमेज घेते. डॉकर इशारा देतो, पण सीआयच्या हजार ओळींत तो कुणाच्या नजरेस पडत नाही. क्यूएमयूची नोंद झालेली असेल तर बांधणी पूर्णही होते. ‘इमेजटूल्स इन्स्पेक्ट’च्या वरच्या भागात, नावाखाली जो डायजेस्ट दिसतो तो इंडेक्सचा. खाली एकेका प्लॅटफॉर्मसोबत दिसतात ते घ्यायचे नाहीत.

पुढचा घटक ॲप्टची, म्हणजे डेबियनच्या पॅकेज-साधनाने आणलेली पॅकेजेस. ‘ॲप्ट-गेट अपडेट’ म्हणजे आज जे उपलब्ध ते घ्या. पॅकेजची अचूक आवृत्ती लिहून ठेवली तरी पुरत नाही : डेबियनच्या आरशांवरून, म्हणजे पॅकेजच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, जुनी आवृत्ती काढली की बांधणी तुटते. शिवाय डेबियनमध्ये एखादं पॅकेज एकाच आर्किटेक्चरवर पुन्हा बांधलं जातं तेव्हा आवृत्तीच्या शेवटी ‘अधिक बी१’ असं शेपूट लागतं. एएमडी६४ वर शेपटासह लिहिलेली आवृत्ती एआरएम६४ वर सापडतच नाही. यावर खरा इलाज डेबियनचं स्नॅपशॉट भांडार. तिथे ठरावीक तारीख-वेळेचा पूर्ण साठा जपलेला असतो. ॲप्टला त्या तारखेचा पत्ता द्यायचा आणि ‘वैधता तपासू नको’ हा पर्याय लावायचा, नाहीतर यादी जुनी म्हणून ॲप्ट नाकारतो. भाषेची पॅकेजेस लॉक फाइलमधूनच, म्हणजे अचूक आवृत्त्यांच्या यादीतूनच घ्या. नोडमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’, पिपमध्ये हॅश सक्तीचा पर्याय. मात्र हॅशच्या यादीत दोन्ही आर्किटेक्चरच्या व्हीलचे हॅश हवेत, नाहीतर एका बाजूची बांधणी अडते.

तिसरा घटक वेळ. प्रत्येक फाइलवर ती शेवटची बदलल्याची वेळ असते आणि ती थरात जाते, म्हणून आजचा थर आणि उद्याचा थर वेगळा. यासाठी ‘सोर्स डेट इपॉक’ नावाचं चल ठरलेलं आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यात द्यायचे. गिटमधल्या, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीतल्या, शेवटच्या कमिटची (नोंदीची) वेळ देणं सगळ्यात चांगलं, ती कोडसोबत ठरते आणि घड्याळावर अवलंबून राहत नाही. एवढ्याने कॉन्फिगमधली वेळ स्थिर होते. थरातल्या फाइल्सची वेळही स्थिर करायची तर बिल्डकिट या डॉकरच्या बांधणी-इंजिनाच्या ०.१३ किंवा पुढच्या आवृत्तीत आउटपुटला ‘रीराइट-टाइमस्टॅम्प’ हा पर्याय लावावा लागतो. हे न कळल्याने अनेकजण चल लावतात, डायजेस्ट तरी बदलतो, आणि हे सगळं थोतांड म्हणून सोडून देतात.

उरलेला कचरा छोटा पण चिवट असतो : डीपीकेजी (डेबियनचंच पॅकेज-साधन) आणि ॲप्टच्या लॉग फाइल्स, एलडीकॉन्फिगची ऑक्स-कॅश फाइल, पायथनच्या पीवायसी फाइल्स. ज्या ‘रन’ ओळीत त्या तयार होतात त्याच ओळीत पुसा. पुढच्या ओळीत पुसल्या तर मागच्या थरात त्या राहतातच.

## जमलं की नाही हे कसं ओळखायचं?

दोनदा बांधा आणि डायजेस्ट जुळवा. मात्र दुसऱ्यांदा ‘नो-कॅश’ लावून, शक्यतो दुसऱ्या यंत्रावर. कॅश चालू ठेवून बांधलंत तर तेच थर उचलले जातील आणि जुळणी खरी वाटेल.

जुळवताना इंडेक्सचे डायजेस्ट घेऊ नका. वर सांगितलेला दाखला आठवतो? त्यात बांधणी केव्हा सुरू झाली हे लिहिलेलं असतं, त्यामुळे इंडेक्स दर वेळी बदलतो. एकेका आर्किटेक्चरच्या मॅनिफेस्टचा डायजेस्ट त्याच आर्किटेक्चरच्या मागच्या डायजेस्टशी जुळवा. नाही जुळला तर डिफोस्कोप किंवा डिफ-ओसीआय ही साधनं दोन इमेजमधली नेमकी कोणती फाइल वेगळी ते दाखवतात. पहिल्या धावेत बहुतेकदा एखादी लॉग फाइल किंवा वेळच सापडते.

## काही रास्त हरकती

‘एएमडी६४ आणि एआरएम६४ चे डायजेस्ट सारखे यायला नकोत का?’ नकोत. यंत्राज्ञाच वेगळ्या आहेत, ते सारखे येणं शक्यच नाही. उलट सारखे आले तर दोन्हीकडे एकच इमेज गेली असं समजा.

‘सगळं डायजेस्टने बांधून ठेवलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या कशा मिळणार?’ ही सगळ्यात वजनदार हरकत आहे आणि तिला बगल देऊ नये. गोठवलेली इमेज आपोआप सुधारत नाही. म्हणून डायजेस्ट आणि स्नॅपशॉटची तारीख ठरावीक काळाने बदलायची. रिनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट ही साधनं नवा डायजेस्ट आला की तसा बदल सुचवतात, सीआय तो दोन्ही आर्किटेक्चरवर तपासतं आणि मग तुम्ही स्वीकारता. बदल होतोच, पण तो गिटमध्ये दिसतो, त्याला तारीख असते आणि बिघडला तर मागे घेता येतो.

‘आमच्याकडे सगळी इंटेलचीच यंत्रं आहेत.’ मग आज दोन इमेज बांधायची गरज नाही. डायजेस्ट आणि लॉक फाइलचा भाग मात्र तुम्हालाही तेवढाच लागू आहे.

‘चाचण्या एका आर्किटेक्चरवर पास झाल्या, दुसरीकडे तोच कोड आहे, पुन्हा कशाला?’ याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

## तोच कोड, वेगळं उत्तर

पातळी मोजणाऱ्या प्रोग्रामकडे परत येऊ. समजा, सेन्सर बिघडला की वाचनाचं फंक्शन उणे एक देतं आणि सी भाषेतल्या कोडने ते ‘कॅर’ या प्रकारात ठेवलं. लिनक्सवर इंटेलमध्ये कॅर चिन्हासह असतो, उणे एक तसाच राहतो. एआरएमवर तो बिनचिन्हाचा असतो आणि तेच मूल्य २५५ होतं. ‘उणे एक आहे का’ ही तपासणी एआरएमवर कधीच खरी ठरत नाही. ऑफिसच्या पीसीवर ‘सेन्सर बंद’ असा संदेश येतो, नदीकाठच्या पायवर ‘पातळी २५५’. ऐन पावसात हा संदेश कॉलनीत गेला तर काय होईल ते २०१९ चा पूर पाहिलेल्यांना सांगायला नको. उपाय एका शब्दाचा : ‘साइन्ड कॅर’ किंवा सरळ ‘इंट’ लिहा. पण चूक सापडायला चाचणी एआरएमवरच चालायला हवी.

दशांश आकड्यांतही फरक पडतो. गुणाकार आणि बेरीज एकाच आज्ञेत करायची सोय एआरएम६४ मध्ये मुळातच आहे. जीसीसी ती आपणहून वापरतो, आणि मधली पूर्णांकनाची पायरी गळते. एएमडी६४ च्या मूळ संचात ती आज्ञा नाही. त्यामुळे शेवटच्या अंकात बारीक तफावत येते. चाचणीत दोन दशांश संख्या ‘तंतोतंत सारख्या’ असाव्यात अशी अट असेल तर ती एका बाजूला पडते. फरक ठरावीक मर्यादेच्या आत आहे का, अशी अट लिहा.

अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, एकाच वेळी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये आणखी खोल अडचण आहे. इंटेलवर मेमरीतल्या लेखनाचा क्रम दुसऱ्या थ्रेडला बराचसा तसाच दिसतो, एआरएमला तो बदलायची जास्त मोकळीक आहे. कुलूप लावायचं विसरलेला कोड इंटेलवर वर्षानुवर्षं तरून जातो आणि एआरएमवर आठवड्यातून एकदा कोसळतो.

पायचाही स्वतःचा एक स्वभाव आहे. रास्पबेरी पाय ५ च्या नेहमीच्या कर्नलमध्ये मेमरीचं पान १६ केबीचं असतं, इतरत्र सहसा ४ केबीचं. ४ केबी गृहीत धरून बांधलेली जेईमॅलॉक ही मेमरी वाटून देणारी लायब्ररी असलेला प्रोग्राम तिथे ‘सिस्टिमचा पेज साइज चालत नाही’ म्हणून सुरू होताच थांबतो. आर्किटेक्चर बरोबर, इमेज बरोबर, तरीही बंद. सर्व्हरच्या एआरएम यंत्रावर हे दिसणार नाही. म्हणून शेवटची एक चाचणी प्रत्यक्ष ज्या पायवर चालवायचं आहे त्यावरच.

## पायवर उतरवण्याआधी

पायवर ३२-बिटची ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर एआरएम६४ ची इमेज उपयोगी नाही, एआरएमची सातवी आवृत्ती हवी. इथे ‘यूनेम’वर विसंबू नका. पाय ४ वर ३२-बिट सिस्टिमखालीही ६४-बिट कर्नल असू शकतो, आणि यूनेम कर्नलचं उत्तर देतं. ‘डीपीकेजी’ला आर्किटेक्चर विचारा : ‘एआरएम६४’ आलं तर ६४-बिट, ‘एआरएमएचएफ’ आलं तर ३२. नवीन काम असेल तर ६४-बिटचीच सिस्टिम टाका, तिसरी इमेज सांभाळायचा त्रास वाचतो.

यंत्रावर इमेज टॅगने नव्हे, इंडेक्सच्या डायजेस्टने मागवा. म्हणजे वीज जाऊन पाय पुन्हा सुरू झाला तरी दुसरीच इमेज येत नाही. नवी इमेज पावसाळ्याआधी, मे महिन्यात उतरवा आणि आधीची यंत्रावरून पुसू नका. पुराच्या दिवसांत नेट गेलं तर रजिस्ट्रीपर्यंत पोचता येणार नाही, तेव्हा मागे जायला तीच उपयोगी पडते. तिची एक प्रत ‘डॉकर सेव्ह’ने पेनड्राइव्हवर काढा. ती प्रत पायवरच काढा. ऑफिसच्या पीसीवर काढली तर त्या फाइलमध्ये इंटेलची इमेज असेल, आणि पूर आलेल्या रात्री पुन्हा तीच ओळ दिसेल : ‘एक्झेक फॉरमॅट एरर’.